टोपलीतले देव

आसेगावच्या उकंडरावांनी एका सकाळी, पूजा आटोपल्यावर, एक लहानसा निश्चय केला. भजनी मंडळाच्या ग्रुपवर रोज येणारे ‘आजचे दर्शन’ यापुढे लॅपटॉपात साठवायचे. या निश्चयामागे भक्ती होती, तसा मोतीबिंदूही होता. मोबाइलच्या काचेवर विठ्ठलाचे मुख तांदळाच्या दाण्याएवढे भासे. लॅपटॉपवर तेच ताटाएवढे होई.

लॅपटॉप त्यांच्या मुलीचा होता. समीक्षा नर्सिंग शिकून जर्मनीला गेली, तिचा संसारही तिथेच मांडला गेला. जाताना तिने आपला जुना लॅपटॉप देवघराशेजारच्या फळीवर ठेवला आणि सांगितले, की दर रविवारी मी यातून दिसेन. तेव्हापासून उकंडरावांचा आठवडा रविवारकडे तोंड करून चालू लागला. मेथी खुडावी, सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधून शेलूबाजारच्या जीपमध्ये चढवाव्यात, सायंकाळी हरिपाठ म्हणावा. चित्त मात्र त्या फळीपाशी घुटमळत राही.

देवांची चित्रे साठत गेली. मंडळात भक्त पुष्कळ, आणि एकेकाला दिवसातून अनेकदा स्फुरण चढे. उकंडरावांनी त्यांतले एकही चित्र पुसले नाही. (एकदा ते एका चित्रापुढे बराच वेळ हात जोडून बसले. खाली खताच्या दुकानाची जाहिरात आहे, हे त्यांच्या पत्नीने, केशरबाईंनी दाखवले. तेही राहिले, वरच्या बाजूला गणपती होता.)

हळूहळू लॅपटॉप जड झाला. तो सुरू करून स्नानाला जावे आणि परत येऊन पाहावे, तरी तो आपला डोळे चोळतोच आहे. रविवारी समीक्षा दिसे ती अर्ध्या शब्दावर गोठलेली. तिचा आवाज पुढे निघून जाई आणि चेहरा मागे राही. आई-बाप त्या मागे राहिलेल्या चेहऱ्याशीच बोलत बसत.

अशात समीक्षाला मुलगी झाली. येत्या रविवारी बारसे होते. केशरबाईंनी इथून पाळणा म्हणायचा आणि आजोबांनी नातीला डोळे भरून पाहायचे, असे ठरले. फोटो आले होते, परंतु प्रत्येक फोटोत बाळ झोपलेले. तिने डोळे उघडून आपल्याकडे एकदा पाहावे, एवढीच उकंडरावांची आस होती.

बारशाच्या आधी समीक्षाने वडिलांना फोनवरून एकेक बटण सांगत लॅपटॉपातला एक तक्ता उघडायला लावला.

“डिस्कच्या खाली किती लिवलं हाये, बाबा?”

“शंभर टक्के,” उकंडराव छाती फुगवून म्हणाले. “तुले बी कधी पडले नाही इतके.”

समीक्षाने कपाळाला हात लावला असावा. फोनवर दिसले नाही. हे गुण नव्हेत, तिने समजावले. जनावराला दावणीवर क्षणभरही न टेकवता राबवावे, तशी ती डिस्क राबते आहे. मग तिने लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू करायला लावला, दोन-चार प्रोग्राम थांबवायला लावले. आकडा नव्याण्णववर आला. (त्या एका गुणाचीही उकंडरावांना हळहळ वाटली.) अखेरीस दोषी सापडला. देवांची चित्रे साठवलेल्या फोल्डरची नक्कल इंटरनेटवर चढवणारा एक प्रोग्राम होता. गावातले नेट हे असे, चित्रे ती तशी. त्याचे काम कधी संपेचना, आणि थांबवला तरी तो पुन्हा उठून बसे.

“मंग ते फोटोच डिलीट करा.”

उकंडरावांनी लॅपटॉपवरचा हात मागे घेतला. “ते फोटो नोहेत माय. देव हायेत.”

जुनी तसबीर असो की निर्माल्य, ते वाहत्या पाण्यात सोडावे, केरात टाकू नये, हा त्यांच्या घरचा दंडक. लॅपटॉपात मात्र पुसलेले सारे कचऱ्याच्या टोपलीत जाते. आणि ती टोपली पडद्यावर अगदी टोपलीसारखीच दिसत होती, हेच वाईट. वाहत्या पाण्यात सोडायचे एखादे बटण आहे का, असे त्यांनी विचारून पाहिले. तसे बटण नव्हते.

तोडगा केशरबाईंनी काढला. उकंडरावांच्या आधीची भावंडे जगली नव्हती. म्हणून ते जन्मताच त्यांच्या आईने त्यांना क्षणभर उकंड्यावर, म्हणजे गावच्या केरकचऱ्याच्या ढिगावर ठेवले. टाकलेले मूल मृत्यूलाही नको असते, अशी त्यामागची समजूत. मग उचलून घरी आणले, आणि नावही उकंडाच ठेवले.

“अवो, तुमाले खुद उकंड्यावर ठेवलं होतं,” केशरबाई म्हणाल्या. “त्यानं तुमी कचरा झाले काय? देवाले बी ठेवा घडीभर. बारसं झालं का घ्या उचलून.”

टोपलीतून सारे जसेच्या तसे परत उचलता येते, असा निर्वाळा समीक्षाने दिला. तेव्हा कुठे उकंडराव विरघळले.

शनिवारी त्यांनी स्नान केले, लॅपटॉपला हळदकुंकू वाहिले (केशरबाईंनी ते लगेच पुसले), क्षमा मागितली आणि डोळे मिटून देवांना टोपलीत धाडले. काही वेळाने आकडा चारवर उतरला. शंभरात चार पडल्याचा आनंद त्या घरात प्रथमच झाला.

रविवारी समीक्षा आली ती हलती, हसती. शब्द ओठांबरोबर येत होते. तिने कपाळावरची बट मागे सारली, तर ती त्याच क्षणी मागे गेली. पाळण्यात बाळ झोपले होते. केशरबाईंनी डोळे मिटून पाळणा म्हणायला सुरुवात केली.

उकंडराव बाळाच्या पापण्यांकडे पाहत होते. मध्येच त्यांची नजर पडद्याच्या कोपऱ्यात गेली. टोपली काठोकाठ भरली होती. आईने आपल्याला ढिगावर ठेवले आणि पाठ वळवण्याआधीच परत उचलले, असे घरात सांगत. आपण मात्र देवांना रात्रभर केरात ठेवले, आणि स्वतः इथे सुखाने नातीच्या दर्शनाला बसलो. एक कडवे संपेपर्यंत देव जागेवर जातील, असा अंदाज त्यांनी बांधला. त्यांनी टोपली उघडली आणि सर्वांना एकदम उचलले.

त्याच वेळी आजीच्या सुराने बाळ चाळवले. एक पापणी उघडली, दुसरी उघडू लागली, आणि पडदा जागच्या जागी गोठला.

पाळणा संपवून केशरबाईंनी डोळे उघडले, तर नात एक डोळा पूर्ण आणि एक अर्धा उघडून स्थिर. तेवढ्यात समीक्षाचा फोन आला.

“बाबा, पल्लवी नाव ठेवलं. पाह्यलं का तिले? तुमच्याकडंच पाहून राह्यली होती.”

“पाह्यलं माय,” उकंडराव म्हणाले. “अजून पाहूनच राह्यलो.”

फोन ठेवून ते पडद्यापुढे बसून राहिले. विटेवरचा तरी कुठे हलतो, असे त्यांनी मनाला समजावून पाहिले. मन ऐकेना. दुसऱ्या डोळ्याचे अर्धे उघडणे अजून बाकी होते, आणि पुढचा रविवार फार दूर होता.

केशरबाईंनी पदराने नातीच्या गालावरची धूळ हलकेच पुसली. मग त्यांनी नवऱ्याकडे पाहिले, कोपऱ्यातल्या रिकाम्या टोपलीकडे पाहिले, आणि पुन्हा नवऱ्याकडे.

“तुमच्या मायनं बी,” त्या शांतपणे म्हणाल्या, “तुमाले उचलाची इतकी घाई काहून केली होती, कोन जाने.”