बोटाबोटांत देवी

निगुडकर काका देवाला नमस्कार करण्याआधी त्याचे हात तपासतात. किती हात आहेत, कोणत्या हातात काय आहे, आणि जे आहे ते बरोबर हातात आहे का. सगळं जागच्या जागी असलं तरच ते स्वतःचे हात जोडतात. एखादं आयुध चुकीच्या हातात दिसलं की देव तसाच ताटकळतो आणि काका त्या तसबिरीच्या मालकाला शोधायला निघतात.

मी नाशिकहून नोकरीनिमित्त झाशीला आलो आणि ओरछा गेटजवळ काकांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहू लागलो. काकांचे पूर्वज पेशव्यांच्या काळात देवीची पूजा करायला इकडे आले आणि इथलेच झाले. काका स्वतः रेल्वेत वॅगन तपासायचे. हातोडी घेऊन चाकांवर टकटक करत जायचं, आवाज बद्द आला की गाडी रोखायची. निवृत्तीनंतर हातोडी सुटली, खोड सुटली नाही. आता ते मंत्रांवर टकटक करतात. कुणी काही पुटपुटताना दिसला, की यांचा प्रश्न ठरलेला. "मतलब काय?"

सीपरी बाजारातल्या एका साडीच्या दुकानात मी काका आणि सुमतीकाकूंबरोबर होतो. गल्ल्यामागे कालीमातेचं कॅलेंडर लटकत होतं. काकांनी चष्मा पुसला आणि मी दाराकडे सरकलो.

"भैया, ये फोटो उल्टा छपा है."

"कहाँ उल्टा, चाचाजी? माताजी तो सीधी खड़ी हैं."

"तलवार दाएँ हाथ में आ गई. दायाँ हाथ अभय का है, डरो मत वाला. नीचे का दायाँ हाथ देने का. दोनों हाथ मार-काट में लग गए, तो आशीर्वाद कौन देगा?"

दुकानदाराने कॅलेंडरकडे पाहिलं, जरा विचार केला आणि म्हणाला, "बाएँ से दे देंगी."

झालं! मग काकांनी त्याला डाव्या हाताची तलवार म्हणजे ज्ञान, तिने अज्ञान तोडायचं, आणि खालच्या हातातलं मुंडकं राक्षसाचं नसून आपल्याच मीपणाचं, हे सगळं समजावलं. गिऱ्हाइकं ताटकळली. सुमतीकाकूंनी मात्र तेवढ्यात दोन साड्या पसंत केल्या, भाव पाडून घेतला आणि फॉल लावायलाही देऊन टाकल्या. बाहेर पडताना मला हळूच म्हणाल्या, "भिंतीवर देव असलेलं दुकान बघूनच मी यांना आणते. घासाघीस करताना मध्ये बोलत नाहीत."

काकूंचा हा स्वभाव. नवऱ्याचं व्याख्यान सुरू झालं की त्यांना नेमकी चटणी वाटायची असायची. मिक्सर थांबला की विचारायच्या, "झालं का तुमचं? पानं घेऊ?"

एकदा गल्लीतले मिश्राजी कोर्टाच्या तारखेआधी दतियाला बगलामुखी देवीच्या दर्शनाला निघाले होते. देवीने एका हाताने राक्षसाची जीभ ओढून धरलेली असते, म्हणून विरोधी पक्षाच्या वकिलाची बोलती बंद व्हावी, अशी त्यांची इच्छा. काकांनी त्यांना फाटकातच अडवलं. "मिश्राजी, वो जीभ दूसरे की नहीं है. अपनी है. अपनी ज़बान पर लगाम लगे, इसलिए जाते हैं वहाँ."

आतून काकू म्हणाल्या, "मग तुम्ही कधी जाताय?"

काका त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलले नाहीत. गल्लीला फार शांत वाटलं.

नवरात्रात आमच्याकडे पाठाला एक तरुण गुरुजी आले होते. त्यांना पुढे अजून तीन घरं गाठायची होती. सुरुवातीचा करन्यास, म्हणजे मंत्र म्हणत एकेका बोटाला स्पर्श करायचा विधी, त्यांनी चुटकीसरशी उरकला. काकांनी हात वर केला. "रुकिए पंडितजी. तर्जनी रह गई."

"अंकल, हो गई. मन में कर ली."

"मन में उँगली कहाँ होती है?"

बिचाऱ्याने पुन्हा अंगठ्यापासून सुरुवात केली. मग काका माझ्याकडे वळले. "जोशीजी, न्यास म्हणजे ठेवणं. आपण पूजेला बसतो ते रिकामे. आधी देवीला बोटाबोटांत आणून ठेवायचं. ऐं म्हटलं, अंगठ्यात आली. ह्रीं, तर्जनीत. एक बोट सोडलं तर ती दारातच उभी राहणार ना! सोचा जरा." आमचा शिरा गार झाला, पण सांगतो, त्या दिवशी मला स्वतःची बोटं जरा वेगळी दिसली.

त्याच हिवाळ्यात सुमतीकाकूंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही. दवाखान्यात डॉक्टर बरंच काही इंग्रजीत बोलले. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि अगदी खालच्या आवाजात विचारलं, "मतलब?" डॉक्टर म्हणाले, आता काही सांगता येणार नाही. हात कदाचित येईल, बोलणं कदाचित येईल, वाट बघा. अर्थ न लागलेली गोष्ट घेऊन काका पहिल्यांदाच निमूट घरी आले. मला त्यांची फार काळजी वाटली.

घरात मिक्सर लागेना. काकाही बोलेनात. काकू खिडकीजवळच्या पलंगावर पडून असायच्या. त्यांना सगळं समजतं की काहीच नाही, हे कुणालाच कळत नव्हतं.

व्यायाम करून घ्यायला बबीन्याच्या लष्करी छावणीतून रजनी मॅडम स्कूटीवर यायच्या. फौजीची बायको, आवाजात हुकूम. त्यांनी काकांना कामाला लावलं. "अंकलजी, रोज़ एक-एक उँगली खोलिए. छूकर उसका नाम बोलिए. आंटी का दिमाग़ सुनेगा, तभी हाथ लौटेगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चौकशीला खाली गेलो, तर काका पलंगाशी स्टूल घेऊन बसले होते. काकूंचा निर्जीव उजवा हात आपल्या मांडीवर घेऊन एकेक बोट उलगडत होते. "ऐं अंगुष्ठाभ्यां नमः. ह्रीं तर्जनीभ्यां नमः."

मला राहवलं नाही. "काका, न्यास तर आपापल्या हातावर करायचा असतो ना?"

त्यांनी वर पाहिलं. "मग हा कुणाचा आहे?"

आणि त्यांनी मधलं बोट हातात घेतलं.

त्या सकाळपासून काकांनी एक दिवस चुकवला नाही. अंगठा हलू लागला, मधली बोटं थोडी थोडी सैल झाली. करंगळी मात्र घट्ट वळलेलीच होती. ती उघडताना काकूंचा चेहरा पिळवटायचा, डोळ्यांत पाणी यायचं. आणि तोंडातून 'आ, आ' यापलीकडे काही निघत नव्हतं. रजनी मॅडमनी मला जिन्यात सांगितलंही, बोलण्याची आशा आता फार धरू नका.

होळीच्या आसपासची गोष्ट. रजनी मॅडम काकूंचा पाय हलवून घेत होत्या, मी खुर्चीवर पेपर घेऊन बसलो होतो, काकांचा न्यास चालला होता. ते अनामिकेपर्यंत आले, "चामुंडायै अनामिकाभ्यां नमः" म्हणाले, थांबले, काकूंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि एकदम तळहातावर हात ठेवून "करतलकरपृष्ठाभ्यां नमः" म्हणून मोकळे झाले. एका बोटासाठी पाठ थांबवणाऱ्या या माणसाने एक बोट सरळ सोडून दिलं होतं. मी पेपरातच डोळे ठेवले.

काकूंचे ओठ हलले. मान थोडी वळली.

"क... करंगळी."

स्पष्ट. अगदी पूर्वीसारखा, जरा रागावलेला आवाज.

"क्या बोलीं? अंकलजी, आंटी क्या बोलीं?" रजनी मॅडम ओरडल्या. मी सांगितलं, की काकूंनी राहिलेलं बोट कोणतं ते सांगितलं. छातीवरचं ओझं उतरलं म्हणजे काय होतं, ते मला त्या क्षणी कळलं.

"दुखतं ना गं तुला," काका म्हणाले, "म्हणून सोडलं."

काकूंनी हात थोडासा, बोटभरच, त्यांच्याकडे सरकवला. काकांनी करंगळी हळूहळू उघडली. "विच्चे कनिष्ठिकाभ्यां नमः." काकूंनी डोळे मिटून घेतले आणि मान हलवली.

मग काका उठून अंगणातल्या नळाशी गेले. मी मागोमाग गेलो. पाणी नुसतंच वाहत होतं आणि ते तोंड न धुता तसेच उभे होते.

"जोशीजी," ते म्हणाले, "ही सगळं ऐकत होती हो. आणि मी इतकी वर्षं समजत होतो, की या घरात मी एकटाच बोलतोय."