राजवर्धनच्या शेपटातलं एक पीस

एका जंगलात सगळं होतं. झाडं होती, तळं होतं, वाघही होता. अक्कल तेवढी जरा कमी पडायची. तर बाळांनो, त्या जंगलात सुलक्षणा नावाची एक कोंबडी राहायची. नीट बसा. पाय हलवू नका. गोष्ट कोंबडीची असली तरी ऐकायची माणसांनीच आहे.

सुलक्षणा स्वतः चौदा भावंडांत वाढली होती. एका आईच्या पंखाखाली चौदा! कोणाचा पाय कोणाच्या डोळ्यात, कोणाची चोच कोणाच्या पाठीत. किडा एक आणि ओढणारे चौदा. पण हे आता तिला आठवायचंच नव्हतं. कोणी विचारलं तर म्हणायची, "आमचं बालपण अगदी शांत गेलं हो."

तर ही सुलक्षणा खुडूक बसली, म्हणजे अंडी उबवायला जागा धरून बसली. खाली दहा अंडी होती. तेवढ्यात तळ्यावर बगळेगुरुजींचं प्रवचन लागलं, आणि ते तिच्या कानावर पडलं.

बगळेगुरुजी एका पायावर उभे राहून बोलायचे. डोळे अर्धे मिटलेले. त्यांना स्वतःला पिल्लं किती आणि ती सध्या कुठं असतात, हे कोणी विचारलं नाही. एका पायावर उभ्या असलेल्याला असलं कोणी विचारत नसतं.

गुरुजी म्हणाले, "गर्दीत गुण दबतात. एकच वाढवा. पण असं वाढवा, की जंगलानं मान वर करून बघावं."

सुलक्षणेनं दहातलं सगळ्यांत गोल अंडं निवडलं आणि बाकीची नऊ पायानं बाजूला सारली. कावळ्यांना त्या दिवशी गुरुजींचं प्रवचन फार आवडलं.

ए, मागं कुजबुज नको. एक वाढवावं की अकरा, ते जिचं तिनं बघावं. मी कोणाच्या खुराड्यात डोकवायला जात नाही. एकुलतं एक पिल्लू झकास वाढतं, दार उघडं असलं म्हणजे. ही गोष्ट त्या दाराची आहे.

पिल्लाला बाप होता. पहाटे एकदा आरवलो की दिवसभराचं काम झालं, असं समजणाऱ्यांतला होता. त्याला आपण इथंच सोडून देऊ. तोही आपल्याला सोडून गेला.

एकविसाव्या दिवशी अंडं फुटलं. आतून पिवळं, ओलं, मुठीएवढं पिल्लू निघालं. नाव ठेवलं राजवर्धन. नाव पिल्लापेक्षा लांब होतं.

शेजारी करवंदीच्या जाळीत धुरपदाबाई राहायची. तिला अकरा पिल्लं. अकरांना हाक एकच, "ए मेल्यांनो!" त्यातली शेवटची झिपरी. तिची पिसं कधी एका दिशेला नसायची. अंगाला सदा माती, चोचीत सदा काहीतरी, बहुतेक वेळा भावाचं शेपूट.

कारण त्या अकरांचा एक खेळ होता. जो रेंगाळला, जो बावळटासारखा उभा राहिला, त्याचं शेपूट मागच्यानं धरायचं आणि जाळीत ओढत न्यायचं. हा खेळ धुरपदानं शिकवला नव्हता. तिच्या आजीच्या आधीपासून तो त्या जाळीत चालत आलेला होता. का खेळतात, कोणी विचारत नव्हतं. ओढलं की ओरडायचं आणि मग आपण दुसऱ्याचं ओढायचं, एवढंच.

राजवर्धन चार दिवसांचा झाला तशी धुरपदा आली. "सुले, सोड की त्याला आमच्यात. अकराचे बारा होतील. मला काय मोजता थोडंच येतंय?"

सुलक्षणा म्हणाली, "नको हो धुरपदाबाई. राग मानू नका, पण तुमची मुलं उकरतात."

"कोंबडीची आहेत. उकरतील नाही तर काय, वीणा वाजवतील?"

हे बोलणं चाललंय तोवर झिपरी मागून आली. राजवर्धनच्या बुडाला जेमतेम एक कोंभ फुटलेला. तिनं तो धरला आणि ओढला.

राजवर्धन "चिव्" करून उडाला. ते हसणं होतं की रडणं, हे त्यालाही कळलं नाही. आधी दोन्हीची वेळ आली नव्हती. पण तो वळला आणि झिपरीकडं बघत राहिला. पुन्हा ओढते का, म्हणून बघत होता.

सुलक्षणा किंचाळली, "ओढलं! याचं शेपूट ओढलं!"

झालं. त्याच दुपारी तिनं सुगरणीकडून डालगं विणून घेतलं. डालगं म्हणजे पालथी घातलेली मोठी टोपली. हवा आत येते, झिपरी येत नाही. राजवर्धन त्याच्या आत, सुलक्षणा बाहेर राखणीला.

आता गंमत बघा. अंड्यातून आणलेली शिदोरी संपली, तरी राजवर्धन खाईना.

सुलक्षणा वारुळावरून वाळवी आणायची. एकेका किड्याचं डोकं काढून, मऊ भाग तेवढा त्याच्यासमोर मांडायची. राजवर्धन किड्यांकडं बघायचा. किडे त्याच्याकडं बघायचे नाहीत, डोकी नव्हती म्हणून. असे तीन दिवस गेले. पिल्लाची मान कलायला लागली.

धुरपदा डालग्याबाहेरून म्हणाली, "अगं बाई, शेजारचं टोचतं ते बघून हे टोचायला लागतं. माझ्यातली दोन टाकू का आत? मारामारी करतील, पण जेवेल तरी."

"मारामारी?" सुलक्षणेनं पंखानं छाती धरली आणि थेट तळ्यावर गेली.

बगळेगुरुजींनी एक डोळा उघडला. "सामान्य पिल्लं दाणा दिसला की चोच मारतात. तुमचा मुलगा विचार करतोय."

"पण गुरुजी, तीन दिवस झाले."

"खोल विचार करतोय."

"मी त्याच्यासमोर टोचून दाखवू का?"

"चुकूनही नाही. आईनं पिल्लासमोर उकरलं की पिल्लाला उकरायची सवय लागते. त्याला सोबत द्या. पण त्याच्या तोडीची."

त्याच्या तोडीची सोबत जंगलात कुठं मिळणार? ती गुरुजींकडंच होती. सहलीला आलेल्या माणसांनी तळ्याकाठी फुटक्या आरशाचा तुकडा टाकला होता. गुरुजी रोज त्यात स्वतःची मान बघायचे. तो तुकडा सुलक्षणेनं नेला आणि डालग्यात उभा केला.

राजवर्धननं आरशात बघितलं. आत एक पिल्लू! त्यानं त्याच्यावर चोच मारली. त्यानंही मारली. मध्ये वाळवी होती, ती याच्या चोचीत आली आणि पोटात गेली. सुलक्षणेच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यावर मी हसणार नाही. तीन दिवस उपाशी पोर पहिला घास गिळतं तेव्हा आई मूर्ख असो की शहाणी, पाणी सारखंच येतं.

तिथून राजवर्धनचं भलतंच छान चाललं. आरशातला मित्र गुणी होता. कधी किडा पळवायचा नाही, कधी ढकलायचा नाही. यानं मान झुकवली की तोही झुकवायचा. याचं म्हणणं त्याला नेहमी पटायचं. जगात सगळे असेच असतात, असं राजवर्धनला वाटायला लागलं. मोठ्या हुद्द्यावरच्या पुष्कळ लोकांना असंच वाटतं, आणि त्यांना डालग्यात राहावं लागत नाही.

दीड महिन्यात राजवर्धनला तुरा फुटला, शेपूट भरलं, डोकं डालग्याला टेकायला लागलं. गुरुजी म्हणाले, "आता याचं गुणदर्शन करू. सगळ्या जंगलाला दिसेल अशी जागा बघा."

सुलक्षणेनं माळावरचा कातळ निवडला. भर दुपारी, मोकळा, वर एक फांदी नाही. सगळ्यांना दिसेल अशीच जागा होती ती. सगळ्यांत घारही येते, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

ससे आले, साळुंक्या आल्या, होला आला. धुरपदा अकरा पिल्लं घेऊन कातळाशेजारच्या करवंदीच्या जाळीपाशी बसली. "एक मेला जागचा हलला तर बघा," म्हणाली. अकराही हलले.

राजवर्धन कातळावर उभा राहिला. उजवीकडं झुकला, डावीकडं झुकला. सगळ्यांनी माना हलवल्या. सुलक्षणेला आपण जमिनीवर आहोत हेच कळेना.

आणि धुरपदानं आवाज काढला. "क्र्र्र्र!" लांब, खरखरीत. कोंबडीच्या जातीत या आवाजाचा अर्थ एकच, वर घार आहे.

ससे गेले. साळुंक्या गेल्या. बगळेगुरुजींचा दुसरा पाय त्या दिवशी जंगलानं पहिल्यांदा पाहिला. दोन्ही पाय जुळवून ते तळ्यापलीकडं उडाले. अकरा पिल्लं जाळीत शिरली.

आणि सुलक्षणाही जाळीत शिरली.

तिला दोष देऊ नका. डोकं बगळ्याचं ऐकत होतं, पण पाय चौदा भावंडांत वाढलेले होते. आवाज झाला आणि पाय पळाले. आत पोचल्यावर तिनं पंख पसरला, आणि पंखाखाली कोणी नव्हतं.

राजवर्धन कातळावरच उभा होता.

त्याला पळायला कोणी शिकवलं नव्हतं. डालग्यात घार येत नाही. त्याला कातळावर एक काळी सावली दिसली. सावली सरकत होती आणि मोठी होत होती. राजवर्धननं तिला वाकून नमस्कार केला. मग ती परत नमस्कार कधी करते, म्हणून वाट बघत थांबला.

"राजवर्धन!" सुलक्षणा ओरडली. "ये! इकडं ये रे!"

तिची ती हाक रोज जेवायच्या वेळची होती. राजवर्धनला भूक नव्हती.

सुलक्षणेनं बाहेर झेप घेतली, पण काट्यांत तिचा पंख अडकला. ती ओढत राहिली. पंख सुटेना. सावली आता कातळाएवढी झाली होती.

तेवढ्यात जाळीतून काहीतरी मातकट सुटलं. झिपरी! भर माळावर एक पोरगा बावळटासारखा उभा आहे, हे तिला बघवेना. तिला घार दिसली की नाही, देव जाणे. शेपूट मात्र दिसलं. तिनं ते धरलं आणि मागच्या मागं जी ओढ दिली, की राजवर्धन बुडावर आपटत, फरफटत, "चिव् चिव्" करत सरळ जाळीत.

घारीची नखं कातळावर खर्रकन घासली. तिला झिपरीच्या पाठीची चार पिसं मिळाली. ती घेऊन ती गेली.

जाळीत अंधार होता. अकरा पिल्लं एकावर एक पडलेली, बाराव्याला खाली दाबून. अकरा छात्या धडधडत होत्या. कोणाचा पाय राजवर्धनच्या डोळ्यात होता, कोणाची चोच पाठीत. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कोणीतरी ढकलत होतं, आणि ते आरशातलं नव्हतं. तो गप्प पडून राहिला. त्याला तिथून उठायचं नव्हतं.

सुलक्षणेनं पंख सोडवला आणि पोराला ओढून बाहेर काढलं. तुरा बघितला, डोळे बघितले, नखं बघितली. मग शेपूट बघितलं. तिचा आवाज बदलला.

"शेपटाचं मधलं पीस कुठं आहे?"

तिनं अकराही चोचींकडं रोखून बघितलं.

"कोणी उपटलं ते?"

झिपरीनं उत्तर द्यायला चोच उघडली आणि पीस खाली पडलं. "मी, मावशी." तिच्या पाठीतून रक्त येत होतं.

"बघितलंत धुरपदाबाई? पहिल्या दिवसापासून सांगतेय मी!"

"अगं सुले," धुरपदा म्हणाली, "तुझं पोर जिवंत आहे."

"जिवंत आहे ते त्याच्या संस्कारांमुळं. पीस गेलं ते तुमच्या पोरीमुळं."

धुरपदानं झिपरीला पंखाखाली घेतलं. जखमेला माती लावली. एवढंच म्हणाली, "मेले, दुसऱ्या वेळी जरा वरही बघत जा." दुसऱ्या वेळी जाऊ नकोस, असं नाही म्हणाली.

सुलक्षणेनं नवं डालगं विणून घेतलं. आधीच्यापेक्षा मोठं, दुहेरी विणीचं. आरसा तोच.

पण राजवर्धन आता आरशात बघत नाही. तो आरशाकडं पाठ करतो. शेपूट मागं ताणून धरतो, जिथं एक पीस कमी आहे, आणि मान वळवून वाट बघत उभा राहतो. आरशातलं पिल्लूही पाठ करतं. शेपूट पुढं करतं. कोणीच कोणाचं ओढत नाही.

सुलक्षणेनं गुरुजींना आणून दाखवलं. गुरुजी पुन्हा एका पायावर आले होते. ते म्हणाले, "आरशाकडंसुद्धा पाठ! हे वैराग्य आहे. लाखात एखाद्याला येतं."

सुलक्षणेला फार बरं वाटलं.

तात्पर्य: आपलं पिल्लू एकटंच वाढवावं. घार आलीच तर ओढून न्यायला शेजारची पोरं असतातच. फक्त त्यांच्यात खेळायला सोडू नये, पिसं तुटतात.