मार्चच्या देवाचा कौल

कुंडलिकनं ठरवलं, आईचं मन रमवायचं. बस्स, एवढंच ठरवलं होतं बिचाऱ्यानं. पुढं जे काही रामायण घडलं त्याला दुसरा कुणी जबाबदार आहे असं तो अजूनही सांगत असतो, पण तुम्ही त्याचं ऐकू नका.

झालं असं की बजाबाईंचा, म्हणजे त्याच्या आईचा, उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पार पिकला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, आता महिनाभर जरी ढकललंत तरी पंचाईत होईल. दोन वर्षं ‘बघू की’, ‘उन्हाळा जाऊ दे’, ‘सुगी जाऊ दे’ असं करता करता म्हातारी एकदाची तयार झाली आणि मंगळवारची तारीख मिळाली. ऐन मार्चमध्ये कुंडलिकनं रजा मिळवली. (सरकारी कचेरीत मार्च महिन्यात रजा मागणं म्हणजे काय असतं ते कारकुनालाच विचारा. साहेबांनी त्याच्याकडं असं पाहिलं की त्यानं साहेबांचाच डोळा मागितलाय असं वाटावं.)

रजा मिळाली, तारीख मिळाली, आई तयार. मग घाबरायचं कुणी? कुंडलिकनं. त्याचा तो स्वभावच. शुक्रवारपासून त्याला झोप नाही, भाकरी घशाखाली उतरेना. आणि आपल्याला एवढी भीती वाटतेय तर आईला किती वाटत असेल, या विचारानं तो आणखी घाबरला. म्हणून शनिवारी दुपारी जुळे सोलापूरच्या त्या दोन खोल्यांत, बजाबाई शेंगा फोडत बसल्या होत्या तिथं, हा मोबाईल घेऊन जाऊन टेकला.

“आई, एक गंमत सांगू का? हे इंग्रजी शब्द असतात ना, त्यातले कितीतरी देवांच्या नावावरून आलेत.”

“कुटल्या देवाच्या?”

“रोमन देवांच्या. रोम म्हणून गाव आहे तिकडं लांब. जानेवारी महिना बघ. जानुस नावाचा देव, दाराचा. त्याला पुढं एक तोंड आणि मागं एक तोंड.”

“दोन तोंडाचा? आपल्या सोसायटीच्या चेअरमनवानी की.”

कुंडलिक खूश झाला. आई हसली! मग त्याला थांबवतंय कोण. आतून त्याची मुलगी वैष्णवी वाटीत दुधातले कुरकुरीत पोहे खात आली, तिला त्यांचा डबा आणायला लावून त्यानं त्यावरचा सीरियल हा शब्द दाखवला. “ही सेरेस देवी. धान्याची.” कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याच्या पाटीवर व्हल्कनायझिंग लिहिलंय ना, तो व्हल्कन. भट्टीचा देव, लोहार, एका पायानं अधू. जून महिना जुनो देवीचा, बायकांची कैवारी. बजाबाई शेंगा फोडायच्या थांबून ऐकायला लागल्या. सून महानंदा स्वयंपाकघरातून डोकावली आणि म्हणाली, “अहो, पुरे की आता.” तिला नवऱ्याची पंचवीस वर्षांची माहिती होती.

“आणि मार्च,” कुंडलिक रंगात येऊन म्हणाला, “मार्च मार्स देवाचा. म्हणजे आपला मंगळच. लढाईचा देव. हातात भाला, सगळीकडं रक्तच रक्त!”

बोलून गेला आणि मग त्याच्या कानांना ऐकू आलं आपण काय बोललो ते.

बजाबाईंनी शेंगांचं सूप बाजूला सारलं. “म्हंजी मार्च म्हयना त्येचा. आन् आपरेशन मंगळवारी. त्यो बी त्येचाच वार. आन् डोळ्याला चाकू लावायचा.”

“अगं आई, इंग्रजीत मंगळवार त्याचा नाहीये! तो वेगळ्याच देवाचा आहे, थांब,” असं म्हणत त्यानं घाईघाईनं मोबाईल चाळला. मग तोंड मिटलं.

“त्यो कशाचा देव?”

“...लढाईचाच.”

महानंदानं आतून जे भांडं आपटलं त्याचा आवाज शेजारपर्यंत गेला.

रविवार कसा गेला ते विचारू नका. ‘एप्रिलला करू’ म्हणावं तर डॉक्टर नको म्हणतात, ‘बुधवारी करा’ म्हणावं तर हॉस्पिटलवाले पुढची तारीख तीन आठवड्यांनंतरची देतात. कुंडलिकनं आईला समजावलं, विनवलं, ‘ते देव आता कुणी मानत नाही’ असंही सांगितलं, आणि तिथंच घात झाला.

“कुनी मानत न्हाय?” बजाबाई ताठ बसल्या. “सगळी दुनिया रोज त्येंची नावं घेती, कॅलेंडरावर छापती, आन् निवद कुनी दाखवत न्हाय? मंग कोपनार न्हाय तर काय करनार देव? आमच्या गावाकडं करकंबात आसं न्हाय चालत. कुनाचं काय राहिलं तर इचारत्यात. कौल घेत्यात.”

“कौल? मार्सचा?”

“ज्येचा म्हयना त्येचाच कौल. त्यो घेतल्याबिगार मी घराच्या भाईर पाऊल टाकनार न्हाय.”

कौल म्हणजे ठाऊक असेलच. देवाच्या दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, मनात प्रश्न विचारायचा. उजवी पाकळी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. पण करकंबच्या देवाचा कौल लावायला गुरव असतो. मार्सचा गुरव सोलापुरात कुठून आणायचा? बजाबाईंनी त्यावर विचार करून ठेवला होता. “तूच की. ह्या देवाची माहिती तुला एकट्यालाच हाय.”

त्याच संध्याकाळी पाट मांडला. मूर्ती नाही म्हणून कलशावर नारळ ठेवला, तोच देव. साक्षीला शेजारच्या ईरम्मा बोलावल्या. माहेर अक्कलकोटचं, देवधर्मात कडक, आणि शिवाय बजाबाईंना धड दिसत नव्हतं, त्यामुळं कुणीतरी डोळस माणूस हवंच होतं.

“निवद काय चालतो ह्येला?” बजाबाईंनी विचारलं.

कुंडलिकनं ते वाचलं होतं. बैल, मेंढा आणि डुक्कर. तिन्ही एकदम. “साखर,” तो म्हणाला. “साखर फार आवडते त्याला.”

पाकळ्या आणायला म्हणून तो स्वयंपाकघरात गेला. आणि इथं, मंडळी, आयुष्यात कधी कुणाची पेन्सिलसुद्धा न ढापलेल्या या माणसानं पहिली लबाडी केली. काय करणार, आईचा डोळा जायची वेळ आली होती. म्हातारी उद्या आंधळी झाली तर कुणामुळं? माझ्यामुळं, माझ्या मोबाईलमुळं! त्यानं मधाची बाटली काढली आणि एका पाकळीला मागून चांगला मध फासला. ही डावीकडं. मरेपर्यंत पडायची नाही. उजवीला नुसता पाण्याचा थेंब.

बाहेर येऊन त्यानं नारळासमोर बसून पाकळ्या लावल्या. पंखा बंद केला. बजाबाईंनी डोळे मिटले, हात जोडले, ओठ पुटपुटले. वैष्णवीनं तोंडावर ओढणी धरली होती, ती भक्तीनं की हसू दाबायला ते कळत नव्हतं.

एक मिनिट गेलं. दोन. पड ना बाई, पड. पाणी वाळत आलं, पाकळी कडेनं सुटली आणि टप्पदिशी खाली आली. उजवी! मधाची जागच्या जागी!

“उजवा!” कुंडलिक ओरडला. “आई, देवानं होकार दिला!”

“कसला उजवा?” ईरम्मा म्हणाल्या. “तुमचा उजवा हो तो. देव आपल्याकडं तोंड करून बसलाय की. देवाचा डावा पडला. डावा कौल.”

कुंडलिक नारळाकडं बघत राहिला. मग स्वतःच्या हातांकडं. देवाचं तोंड आपल्याकडं असतं. लहानपणापासून बघितलेली गोष्ट, पण मधाच्या नादात तेवढं राहिलंच. म्हणजे त्यानं जपून, मनापासून, चांगला मध लावून नकार आणला होता.

“आई!” तो पाटावर अक्षरशः कोसळला. “आई, हा कौल खोटाय गं! मी मध लावला होता. मी फसवलं. मला वाटलं, तू ऑपरेशनला नाही म्हणशील. देव नकार देत नाहीये, मीच चुकलो, माझं डावं उजवं चुकलं. मला काय मारायचं ते मार, पण मंगळवारी चल. तुझे डोळे गेले तर मी कुणाला तोंड दाखवू?” आणि चोपन्न वर्षांचा हा गृहस्थ लेकीसमोर, बायकोसमोर आणि ईरम्मांसमोर ढसाढसा रडायला लागला.

बजाबाईंनी हात पुढं करून चाचपत त्याचं डोकं शोधलं आणि थोपटलं. “मदाचा वास मला मगाच आला की. डोळं गेल्यात, नाक न्हाय गेलं माजं.”

“मग... बोलली का नाहीस?”

“देवाच्या हितं मदी बोलू ने. आन् मी आपरेशनचं इचारलं कुटं व्हतं? आपरेशन तर मी करनारच व्हती. डॉक्टरानं सांगितलंय न्हवं.”

महानंदा पदर खोचून पुढं आली. “मग काय विचारलंत आई?”

“म्या इचारलं, देवा, मंगळवारी ह्या कुंडलिकाला संगं न्यावं का? मागल्या टायमाला डोळं तपासाया गेलो, तर ह्यानं त्या नर्सबाईला सतरा येळा इचारलं, दुखंल का, दुखंल का. शेवटी तीच बिचारी घाबरली. ह्यो माज्या उशाला बसला तर मला व्हायचं त्ये बी वंगाळ व्हईल. म्हनलं, लढाईचा देव हाय, भितऱ्या मानसाची त्येला पारख आसंल.” मग नारळाला हात जोडून म्हणाल्या, “डावा पडला. देव लई खरा हाय.”

“पण कौल खोटाय ना!” कुंडलिक कळवळून म्हणाला. “मी मध लावला होता!”

“लावला की. तुज्याच हातानं लावून घेतला त्येनं.”

मध बरोबर बाजूला लावला असता, तर उजवा कौल मिळून मंगळवारी तो आईच्या उशाशी असता. हे त्याच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला, आणि लक्षात आल्यावर तो मधाची बाटली फडताळात लपवून आला.

मंगळवारी सकाळी आठला रिक्षा आली. बजाबाई ठणठणीत चालत गेल्या, मागं महानंदा आणि वैष्णवी. कुंडलिकला नारळापाशी बसवलं होतं. मांडलेल्या देवाला एकटं सोडायचं नसतं, असं बजाबाई बजावून गेल्या होत्या. (एवढ्या मिनतवारीनं मिळवलेली रजा, ती या कामी आली.)

नऊ वाजले. साडेनऊ. तो उठला, बसला, पाणी प्याला, परत उठला. शेवटी त्यानं खरोखरच नारळासमोर हात जोडले. पण परदेशी देव, मराठी समजत असेल का? आणि इंग्रजी तरी त्याचं कुठं, ते पण म्हणे नंतरचंच. मग त्याला आयुष्यभर जी भाषा येत होती तीच त्यानं वापरली. “महोदय, सविनय विनंती की, माझी आई बजाबाई, वय वर्षे शहात्तर, हिच्या उजव्या डोळ्याच्या बाबतीत कृपया सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा...” पुढं त्याला अर्ज पुरा करता येईना. डोळेच वाहायला लागले.

दहा वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला.

“झालं,” महानंदा म्हणाली. “पंधरा मिनिटांत झालं. छान झालंय म्हणाले. आईंना चहा पाहिजे म्हणतायत. आणि विचारतायत, तुम्ही रडत नाही ना?”

“छे! मी कशाला रडू?” कुंडलिक म्हणाला.

पलीकडं थोडी कुजबुज झाली. मग महानंदा म्हणाली, “त्या म्हणतात, आधी नाक पूस आणि मग बोल. नर्सबाईंना ऐकू जातंय.”