निळा चिकू

जगातली कोणतीही गोष्ट नाहीशी होत नाही, ती फक्त दुसऱ्याच्या दारात जाते, असं माझ्या सासूबाई अंगण झाडताना म्हणाल्या होत्या. मी बी.एस्सी. असल्यामुळे (विषय: रसायनशास्त्र) तिकडे लक्ष दिलं नाही.

तलासरीकडच्या एका कापड रंगवणाऱ्या कारखान्याचं सांडपाणी ओढ्यात येई. ओढा कधी लाल, कधी जांभळा. लोकांची ही गैरसोय ओळखून कारखान्याने सुधारित माती आणली. साध्या मातीने पाणी गढूळ होतं; हिच्यावर आधीच संस्कार झालेले असल्याने ही पाण्यातला रंग स्वतःकडे ओढून घेते आणि मुकाट तळाशी बसते. पाणी नितळ. साहेबांनी ग्लास उजेडात धरला, टाळ्या झाल्या. (प्यायलं कोणी नाही. सगळ्यांचाच निर्जळी उपवास असावा.)

उरली माती. नियमाप्रमाणे ती बंद गाडीतून लांब न्यायची असते. पण दिसायला ती अशी मोरपिसासारखी, की पुरून टाकणं कारखान्याच्या सौंदर्यदृष्टीला मानवेना. म्हणून बालविकासाचा उपक्रम काढून ती डहाणूच्या बालवाड्यांना मातीकामासाठी वाटण्यात आली. बालकांच्या आनंदात शंभर टक्के वाढ झाली (आधीचा आनंद मोजलेला नव्हता). बैल हिरवे झाले, गणपती जांभळे. माझ्या तीन वर्षांच्या मुक्ताने चिकू केला, निळा. घोलवडच्या बागांना हे अजून जमलेलं नाही.

केलेला चिकू खाऊन बघावा, हे ओघाने आलंच.

निळी जीभ पाहून मी कारखान्याच्या मनिषभाईंना फोन लावला.

"बेन, टेन्शन नका घेऊ. आपली माती रंगाला एकदम घट्ट धरते."

"मग जिभेला कसा लागला?"

"म्हणजे मातीपेक्षा जीभ चांगली धरते," ते कौतुकाने म्हणाले. "साहेबांच्या कानावर घालतो."

संध्याकाळी मुक्ता ओकली. तेही निळं. डॉक्टरांनी तिला दवाखान्यात ठेवून घेतलं आणि रंगात नेमकं काय आहे ते विचारलं. कारखान्याने तत्परतेने अहवाल पाठवला. सगळ्या कसोट्यांवर उत्तम. पाण्याचा होता.

मातीचा मागितला.

"मातीत आता आमचं काय नाय, बेन. ती बालवाडीची झाली."

हे मी मुक्ताच्या खाटेशी बसून लिहिते आहे. शिल्लक पोती इतर तालुक्यांतून मागणी आल्यामुळे रवाना झाली. कुठे, ते सांगायला कारखाना बांधील नाही. तुम्हाला इथपर्यंत निवांत वाचता आलं, त्या अर्थी तुमचं पोर कुठेतरी अगदी गप्प खेळत असणार. उठा. त्याला आ करायला सांगा.