चढणीवरचे दोनशे साठ

"टर्बोचा दाब वाढवायचा म्हणजे काय मोठंसं? पेशंटला औषध वाढवतात तसं वाढवायचं! थेंब थेंब, आणि प्रत्येक थेंब मोजून!"

चंद्रमोहनने हे जाहीर केलं तेव्हा साल होतं सत्त्याऐंशी, गाव आमच्या बेटावरचं बों अक्योय आणि ऐकणाऱ्या दोघी: त्याची बायको जमुना आणि मुक्कामाला आलेली सासू अनुसयाबाई. चंद्रमोहन दवाखान्यात ड्रेसर. जखमा बांधणं, सुया टोचणं आणि तांस्यों मोजणं, म्हणजे आपलं ब्लडप्रेशर, हे त्याचं अठरा वर्षांचं काम. त्याला गाड्यांतलं किती कळतं हे दोघींनी विचारलं नाही. विचारलं की तो कसा भडकतो ते त्यांना माहीत होतं.

प्रश्न छपराचा होता. येत्या रविवारी त्याच्या नव्या घराचा स्लॅब पडायचा होता. स्लॅबचा दिवस म्हणजे आमच्याकडे लग्नाचाच थाट! तीस माणसं मदतीला येतात, बादल्या हातोहात वर जातात आणि छप्पर घालूनच सगळे जेवायला बसतात. अडचण एकच. घर चढणीच्या टोकाला, आणि खडी, रेती, सिमेंट सगळं खाली दुकानापाशी. वर न्यायला चंद्रमोहनची जुनी डिझेल पिकअप होती. टर्बोवाली खरी, पण दम लागलेली. चार पोती टाकली की अर्ध्या चढणीत थांबून विचार करायची.

"बोफ्रेर, तो खटारा राहू दे," जमुनाचा थोरला भाऊ गजेंद्र मेव्हण्याला म्हणाला होता. "माझी लॉरी आणतो. तीन खेपांत काम फत्ते! मग जन्मभर सांगता येईल, चंद्रमोहनचं छप्पर माझ्या चाकांवर चढलं!"

गजेंद्र हसला. चंद्रमोहन हसला नाही. त्याच्या लग्नाचा मांडव गजेंद्रने घातला होता, आणि ते गेली बावीस वर्षं दर सणाला ऐकावं लागत होतं. आता त्यात छप्पर? डोक्यावर?

"नों! पा कापाव! जमायचं न्हाय!" तो गरजला. "तुझ्या लॉरीतून एक घमेलंसुद्धा चढणार न्हाय!"

म्हणून हा टर्बो. टर्बो म्हणजे धुराच्या जोराने फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. दाब फार वाढला की एक झडप उघडते. त्या झडपेच्या दांडीचा नट अर्धा आटा फिरवला की ती जरा उशिरा उघडते, आणि गाडीला जरा जास्त जोर मिळतो. जराच! हावरटपणा केला की इंजिन भाजलंच म्हणून समजा. मॅन्युअलमधलं ते पान चंद्रमोहनने तीनदा वाचलं. आधी दाबाचा मीटर लावा, मगच नटाला हात लावा, हे त्याला फार पटलं.

मीटर आणायचा कुठून? घरातच होता की! दवाखान्याने मोडीत काढलेलं तांस्योंचं यंत्र कपाटावर पडून होतं: तबकडी, रबरी नळी आणि दंडाला गुंडाळायची पिशवी. झडपेकडे जाणाऱ्या हवेच्या नळीला त्याने मध्ये एक जोड दिला, रबरी नळी खिडकीतून आत घेतली आणि तबकडीला लावली. सुई थरथरायला लागली तेव्हा पिशवीही जोडून टाकली. हवा पिशवीत जरा खेळली की सुई शांत! स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन त्याने दोन कप चहा प्यायला.

पण गाडी चालवताना सुई बघणार कोण?

"मी बघीन," अनुसयाबाई म्हणाल्या.

बाईंना अक्षर वाचता येत नव्हतं, पण आकडे? चाळीस वर्षं ऊस तोडून कारखान्याच्या काट्यावर घातलेली बाई ती! त्या काट्यासमोर उभ्या राहिल्या की वजन करणारा घाम पुसायचा. चढणीला तोल जातो, धरायला दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून त्यांनी पिशवी सरळ दंडाला गुंडाळली, तिच्यावर तबकडी अडकवली आणि "चल!" म्हणून हुकूम सोडला.

शनिवारभर औषधोपचार चालला. पहिली चढण, दोनशे. अर्धा आटा, दोनशे वीस. धूर बघितला, पाणी किती तापलंय ते बघितलं. पुन्हा अर्धा आटा. दोनशे साठला चंद्रमोहनने पाना खाली ठेवला. "बास! यापुढं सुई गेली की तुम्ही ओरडायचं, मी पाय उचलणार." आठ पोती घेऊन गाडी एका दमात वर गेली!

"हात मात्र आखडतो रे चढणीला," बाई म्हणाल्या.

"सवय होईल. आणि आई, कुणाला बोलायचं न्हाय. गाडीला औषध दिलं हे गजेंद्रला कळलं की संपलंच."

"मेले तरी बोलायची न्हाय."

रविवारी सकाळपासून सहा खेपा झाल्या. वर मिक्सर घरघरत होता, बादल्या पळत होत्या, अर्धा स्लॅब पडलाही होता. गजेंद्रने आपली रिकामी लॉरी "असू दे आपली" म्हणून दुकानासमोर लावून ठेवली होती, आणि वर बादल्या देता देता तो पिकअप कधी बंद पडते याची वाट बघत होता. ती बंद पडत नव्हती! चंद्रमोहनची छाती खेपेगणिक फुगत चालली होती.

सातवी खेप शेवटची. चंद्रमोहन दुकानात सिमेंट घ्यायला गेला, आणि त्याच वेळी पाव घेऊन निघालेली शेजारीण पुष्पावती गाडीच्या खिडकीशी थांबली. आत अनुसयाबाई, दंडाला पिशवी, डोळे तबकडीवर.

"आयो! मावशी, काय झालं?"

"काय न्हाय." मग गप्प राहवेना. "मघाशी दोनशे साठ झालं होतं!" बाई अभिमानाने म्हणाल्या.

"दोनशे साठ? आन् आता?"

बाईंनी तबकडी पाहिली. गाडी उभी होती.

"आता शून्य."

पुष्पावतीच्या हातातले पाव रस्त्यावर पडले. ती ओरडत चढणीवर पळाली, "वित, वित! धावा! अनुसयामावशी गेली! बसल्या जागी गेली!"

तीस माणसांनी तीस बादल्या खाली टाकल्या. सर्वांत पुढे गजेंद्र. दुकानापाशी पोचतो तर आई जिवंत! त्याने रडत तिला उचललं.

"सोड मेल्या!" बाई किंचाळल्या. "मला सुई बघायचीय!"

"बरळायला लागली," कुणीतरी हळूच म्हणालं.

सिमेंटचं पोतं खांद्यावर घेऊन चंद्रमोहन बाहेर आला. "अरे थांबा! तांस्यों तिची न्हाय, गाडीची आहे!"

"ड्रेसर आहेस ना तू?" गजेंद्र गरजला. "आईची ही हालत, आन् तिला घेऊन सिमेंट वाहतोस?" त्याने एक हिसका दिला, नळी जोडातून तटकन तुटली, आणि आई, तबकडी, पुष्पावती आणि तीस माणसं लॉरीतून डॉक्टरकडे रवाना झाली.

चंद्रमोहन एकटाच उरला. सासूला काही झालेलं नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. वर कालवलेलं काँक्रीट मात्र घट्ट होत चाललं होतं. "नाही तर नाही! एकटा नेतो!" तो ओरडला आणि शेवटची पोती भरून निघाला.

तुटलेल्या जोडातून हवा निसटत होती. म्हणजे झडपेला दाब कळत नव्हता. म्हणजे झडप उघडत नव्हती. सुई बघायला कुणी नव्हतं, आणि गाडी अशी उधळली की चंद्रमोहनला आयुष्यात प्रथमच चढण म्हणजे उतार वाटला! "हे! हे!" तो आनंदाने ओरडत होता. मागे काळ्या धुराचा लोट पुष्पावतीच्या वाळत घातलेल्या साड्यांवरून पसरत गेला. पिकअप दारात येऊन पोचली आणि धडाम! पुढून वाफ, खालून तेल. इंजिन संपलं.

मिक्सरच्या घरघरीत मागे चुलीपाशी काहीच ऐकू न आलेली जमुना हातात डाव घेऊन धावत आली. "माणसं कुठायत? आई कुठाय?"

"सामान पोचलं!" चंद्रमोहन म्हणाला. "सगळं माझ्या गाडीतून!"

दोन तासांनी लॉरी परतली. डॉक्टरांनी काय होतंय असं विचारल्यावर अनुसयाबाईंनी खरं ते सांगितलं होतं, "हात चढणीला आखडतो, उताराला मोकळा होतो. सपाटीला काय न्हाय." डॉक्टरांनी पेन खाली ठेवून तांस्यों मोजली. एकशे तीस! मग बाजूला धापा टाकणाऱ्या गजेंद्रची मोजली आणि त्याला गोळ्या लिहून दिल्या, मीठ बंद केलं. उरलेला स्लॅब टाकून झाला, जुन्या-नव्याच्या जोडावर मधोमध एक रेघ राहिली. जेवणात कोंबडीचं कालवण होतं, खारवलेला मासा होता, आंब्याचं लोणचं होतं. गजेंद्रने पांढरा भात खाल्ला.

सोमवारी गॅरेजात गाडी न्यायची होती. गजेंद्र दोर घेऊन लॉरीसकट हजर! चंद्रमोहनने दोराकडे पाहिलंसुद्धा नाही. "उताराला इंजिन कशाला हवं?" म्हणत तो आत बसला, शेजारी अनुसयाबाई, आणि ब्रेक सोडला. गाडी झोकात खाली आली, दुकान मागे पडलं, सपाट रस्ता लागला आणि गॅरेज चाळीस पावलांवर असताना ती थांबली.

गजेंद्र लॉरी घेऊन मागोमाग आला. दोर दाखवला. चंद्रमोहन समोर बघत बसला. मग अनुसयाबाई उतरल्या, पदर खोचला, मागे गेल्या आणि गाडी ढकलायला लागल्या. सत्तरीची बाई!

आईला गाडी ढकलताना कोणता मुलगा बघत उभा राहील? गजेंद्रने दोर फेकला आणि गाडीला खांदा लावला. "तू नको रे, तुला तांस्यों आहे!" आई म्हणाली, तसा तो आणखी जोराने ढकलू लागला. चंद्रमोहनने स्टिअरिंग धरलं होतं. "सावकाश, गजेंद्रभाऊ," तो खिडकीतून म्हणाला, "रंग निघेल."

तेव्हापासून दर रविवारी गजेंद्र त्या छपराखाली जेवायला येतो, वर बघतो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतो, "छप्पर आणलं गाडीनं. पण गाडी गॅरेजात कुणी आणली?"

"लॉरीनं नाही ना?" चंद्रमोहन म्हणतो, आणि त्याला भात वाढतो.