संध्याकाळपुरती सारिका

मला मिशा आहेत, वय पन्नाशीला टेकलंय, आणि रोज संध्याकाळी शेजारचे भानुदास गुरुजी मला ‘सारिका’ म्हणतात.

‘सारिके, ये गं!’ अशी हाक आली की मी, शिरूर कासारच्या निम्म्या दुकानांचे हिशेब लिहिणारा माणूस, निमूटपणे त्यांच्या ओट्यावर जाऊन मांडी घालतो.

गुरुजी पहिली-दुसरीला शिकवतात. कुणाला चूक म्हणायचं नाही, हा त्यांचा नेम. कटिंग वाकडी झाली तर न्हाव्याला म्हणतात, ‘डावी बाजू छान. उजवीला सराव पायजे.’ पुढाऱ्याचं तासभर भाषण ऐकून त्याच्याच तोंडावर म्हणाले, ‘आवाज उत्तम. थांबायचा सराव पायजे.’

दिवाळी झाली की त्यांच्या वर्गातली बरीच पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. सारिका त्यातलीच. ती उन्हाळ्याच्या तोंडाला परत येईल, तेव्हा बेरीज कशी शिकवायची याची तालीम माझ्यावर.

ओट्यावर सात खडे. मोजून झाले की शेजारी आणखी तीन. ‘किती झाले?’

‘दहा,’ मी म्हणालो.

‘अप्पा, लई घाई! सारिका तसं करती व्हय? ती परत एकपासून मोजती. तसं मोजा.’

उत्तर दहाच येतं, पण तोवर बाकीची पोरं पुढच्या गणिताला लागलेली असतात. मला तर तसं मोजताना घाम फुटायचा. गुरुजी युक्त्या शोधायचे, खोडायचे, पुन्हा मला एकवर आणून सोडायचे.

एकदा वैतागून विचारलं, ‘गुरुजी, एवढा आटापिटा कावून?’

ते खडे गोळा करत राहिले. ‘गेल्या साली कृष्णा असाच परत आलता. मी आल्या दिवशीच त्याची चाचणी घेतली. समद्यांचं झालं, त्याचं न्हाई. दुसऱ्या दिवशी आलाच न्हाई. घरी गेलतो, तर कणगीमागं लपला.’ मग हळूच म्हणाले, ‘मला सराव पायजे होता.’

त्यानंतर मी कुरकुर केली नाही. मन लावून एकपासून मोजू लागलो. तशातच एकदा चहा घेऊन आलेली माझी बायको ते बघून कावली. ‘अहो, सात तर आत्ताच मोजले की! आठपासून म्हणा ना!’

गुरुजींनी मांडीवर थाप मारली. ‘सापडलं, वहिनी!’ काय सापडलं ते मात्र सांगेनात.

उन्हाळा लागता लागता सारिका आली. संध्याकाळी ओट्यावर माझ्या जागी बसली, मान खाली घालून. गुरुजींनी तिला काहीच विचारलं नाही. स्वतः सात खडे मोजले, तीन ठेवले आणि बोट लावून सुरू केलं, ‘एक, दोन, तीन...’ दहा झाले. खडे वेगळे केले, सात मोजले, तीन ठेवले. पुन्हा, ‘एक, दोन...’

सारिकेची मान वर आली. मी कुंपणाशी उभा राहून बघत होतो.

तिसऱ्या वेळी ती खुदकन हसली. ‘गुरुजी, तुमी परत परत एकपासून कावून मोजता? सात तर झालेत की! आठ, नऊ, धा!’

‘व्हय गं? मला न्हाई समजलं.’

‘आवं, सोप्पं हाय,’ म्हणत ती खडे घेऊन त्यांच्याजवळ सरकली आणि मोठ्या आवाजात शिकवू लागली.

गुरुजींनी एकवार माझ्याकडं पाहिलं. मग मान खाली घातली आणि मुद्दाम पुन्हा एकपासून सुरुवात केली.