वाऱ्यावरील आळ आणि कुझुमींची बारावी स्वारी

प्रांतसंघाच्या दफ्तरी नमूद आहे की, बांबूउडीचे सरदार राजश्री कुझुमी ताकेरू यांनी अकरा साले अकरा स्वाऱ्या केल्या आणि पाच मीटर एक्कावन्नावरील दांडी दर स्वारीस वाऱ्याने पाडिली. ऐसियास तहकीक केली. शेजारी लांबउडीच्या पट्टीवर संघाचेच वारा मोजण्याचे यंत्र होते, आणि त्याच दफ्तराचे पुढील पानी अकराही दिवशी वारा शून्य लिहिला आहे. सबब संघाने अदब राखिली आणि निरपराध वाऱ्याची अब्रू घेतली.

खरी हकीकत ऐसी. पाच पन्नासचा विक्रम राजश्री ओनोदेरा गेन्झो यांचा, वीस साल अभंग. ते कुझुमींचे ज्येष्ठ गुरुबंधू, आणि गुडघा निकामी जाहलियावर दरसाल धावपट्टीलगत खुर्ची टाकून बसत. कुझुमी काठी रोवीत, आणि उलटे होऊन आभाळी चढत, आणि पोट दांडीपार जाई, मग खाली ज्येष्ठ दृष्टीस पडताच मान आपसूक लवे आणि हनुवटीच्या तडाख्याने दांडी भुईस मिळे. त्या मुलुखी वडीलधाऱ्यापुढे मान लवतेच, मग ती साडेपाच मीटरांवर का असेना.

त्या मुलुखीच्या रेइवा शकाच्या सहाव्या साली कुझुमी चौतिसांचे जाहले. त्यांस खेळाडू म्हणोन पगारी पोसणाऱ्या कारखान्याने फर्माविले की, यंदा विक्रम न जाहल्यास काठी जमा करावी आणि सोमवारपासून नळाच्या तोट्या विकण्याच्या खात्यात रुजू व्हावे.

बाराव्या स्वारीत दोन उड्या वाया गेल्या. पंचांनी दोहींस वारा लिहिला. एक उडी उरली, तेव्हा कुझुमी खुर्चीपुढे जाऊन कमरेत वाकले.

"ओनोदेरासान, माफ करा. इतकी वर्षं तुम्हाला उन्हात ताटकळत ठेवलं."

"अरे, हनुवटीतून रक्त येतंय तुझ्या!"

"हो. दांडीला लागलंय ते. त्याचीही माफी."

ओनोदेरा उठले, आणि निकाम्या गुडघ्यानिशी प्रेक्षकांच्या सज्जाच्या त्र्याऐंशी पायऱ्या चढो लागले.

"आजोबा, वर कुठे निघालात? बर्फाचा गोळा खाली मिळतो!" एक बाई ओरडली.

ते शेवटल्या रांगेत, छपराखाली, पंखा हलवीत उभे राहिले. कुझुमी आभाळी चढले, खुर्ची रिकामी पाहून घाबरे जाहले, मग नजर वर जाऊन पंखा दिसला, आणि मान उचलली, आणि छाती उचलली, आणि हनुवटी दांडीवरून वीतभर अंतराने सुखरूप पार जाहली. गादीवर पडोन त्यांनी हवे तितके वाकून घेतले. पाच एक्कावन्न फत्ते जाहले. संघाने शेरा लिहिला: अनुकूल वारा.

तो शेरा वाचून ओनोदेरा यांनी त्याखाली स्वहस्ते जबानी लिहिली, ती अक्षरशः येणेप्रमाणे: "वारा कधीच नव्हता. मान लवते हे मला तिसऱ्याच वर्षी कळलं होतं, आणि तेव्हापासून दरवर्षी खुर्ची थोडी पुढे मीच सरकवत आलो. आज त्याने दांडीचीसुद्धा माफी मागितली, तेव्हा लाज वाटली. नाहीतर यंदाही हललो नसतो."